टिनियनच्या धावपट्ट्या



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून अनेकांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, की बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार सोडून तुम्ही विमानांच्या मागे कधीपासून लागलात? प्रश्न रास्त आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने आणि नगर वाचनालयाने केले. विमानात आम्ही जन्मात दोनदा बसलो, तेही बैठकीसाठी. तेव्हा विमानविद्येवर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु इतिहास कोणत्या दाराने घरात शिरेल याचा नेम नसतो. आमच्याकडे तो एका तरुण कामगाराच्या संगणकातून शिरला, आणि शिरला तो थेट आमच्याच प्रश्नाला हात घालीत शिरला. तो प्रश्न असा, की एखादी वास्तू हुबेहूब उभी केली म्हणजे तिचा इतिहास उभा राहतो काय?

हा तरुण सीएनसी मशीनवर काम करतो. कंत्राटी आहे, म्हणून युनियनच्या कचेरीत त्याचे येणेजाणे. दुसरी पाळी संपवून घरी गेला, की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो संगणकापुढे बसून एक जुना विमानतळ बांधीत असतो, असे त्याच्या आईने आम्हांला तक्रारीच्या सुरात सांगितले. पोराला समजवा, असा तिचा आग्रह. आम्ही समजवायला गेलो आणि तीन तास खुर्चीला खिळून पाहत बसलो.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. घरबसल्या विमान चालवण्याचा जो संगणकी खेळ आहे, त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. ब्रूस आर्टविक या अमेरिकन गृहस्थाच्या कार्यक्रमावरून मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला. तेव्हाची जमीन म्हणजे चार रेघा आणि दोन रंग. २०२० सालच्या आवृत्तीत साऱ्या पृथ्वीची उपग्रहांनी आणि विमानांतून टिपलेली छायाचित्रे जमिनीवर अंथरली आहेत. आपले गाव, आपली नदी, आपल्या कारखान्याची पत्र्याची शेडसुद्धा त्यात दिसते. परंतु ही छायाचित्रे हल्लीची. ज्याला १९४५ सालचा विमानतळ पाहावयाचा असेल त्याने तो स्वतः बांधला पाहिजे. अशा बांधलेल्या भूभागाला ही मंडळी सीनरी म्हणतात.

या कामाची रीत आम्हांला पाहताक्षणी ओळखीची वाटली, कारण ती ड्रॉइंग वाचून काम करणाऱ्या कारागिराची रीत आहे. आधी जुनी हवाई छायाचित्रे आणि नकाशे मिळवायचे. छायाचित्रातला एखादा कडा, एखादा रस्त्याचा फाटा, जो आजही जागेवर आहे, तो धरून जुने चित्र आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचे. मग जमिनीचे चढउतार ठीक करायचे, आज उगवलेली झाडी पुसायची, धावपट्ट्यांची टोके नोंदवायची, आणि मग इमारती, तंबू, पेट्रोलच्या टाक्या, उभी विमाने एकेक करून घडवायची. एक धावपट्टी वीस फूट सरकली तर सारे वाकडे होते. या मुलाने एका पट्टीची दिशा तीन वेळा मोडून पुन्हा बसवली होती. मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या हाताला वीस फुटांची चूक सोसवत नाही.

असा विमानतळ नुसता करमणुकीचा असतो असे समजू नये. शिकागोच्या सरोवराकाठी मेग्ज फील्ड नावाचा लहानसा विमानतळ होता. सिम्युलेटर उघडला की पूर्वी विमान तेथेच उभे असे. २००३ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस शहराच्या महापौरांच्या हुकमाने एका रात्रीत त्याची धावपट्टी बुलडोझरने खणून टाकण्यात आली. आज तो विमानतळ नाही. पण जगभरच्या हौशी लोकांनी त्याची जी प्रतिकृती केली आहे तीवर अद्याप विमाने उतरतात. मालकाने पाडलेली वस्तू हौशी कारागिरांनी जपली, ही गोष्ट आमच्यासारख्याला आवडल्यावाचून कशी राहील?

आता प्रतिकृतीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू. विमान न उडवता विमान शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास बनवले. लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता, आणि हा मुलगा त्याच कारखान्यात वाढला. पेटीच्या भात्यात हवा भरली की सूर निघतो. त्याच भात्यांनी त्याने एक लाकडी विमान डावे-उजवे, वर-खाली डोलवले. सुरुवातीला ते जत्रेतले खेळणे म्हणून खपले. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपालवाहतूक आली आणि खराब हवेत चालवता न आल्यामुळे वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रे तयार झाली. पेटीच्या कारखान्यातल्या कारागिरीने हजारो पोरांचे जीव वाचवले.

ही प्रतिकृतीची एक बाजू. दुसरी बाजू काळी आहे. १९४३ साली अमेरिकेच्या युटा राज्यातील डगवे या वाळवंटी प्रदेशात लष्कराने एक जपानी वस्ती बांधली. घरे लाकडी, आत चटया, सामानसुमान, सगळे जपानी धर्तीचे. ती आराखड्यात उतरवली अँटोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञाने, कारण तो अनेक वर्षे जपानात राहिलेला होता. घरे बांधायची, त्यांवर आगीचे बाँब टाकायचे, किती वेळात जळतात ते मोजायचे आणि पुन्हा बांधायची, असा तो कार्यक्रम होता. याच रेमंडने पाँडिचेरीला अरविंदाश्रमाची 'गोलकोंड' ही शांत, हवेशीर वास्तू उभी केली. एकाच माणसाच्या ज्ञानाने एकीकडे ध्यानाला जागा दिली आणि दुसरीकडे आगीला. कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीच्या एका चित्रपट स्टुडिओत लष्कराच्या चित्रपट पथकाने जपानच्या भूमीची प्रचंड प्रतिकृती केली, तिच्यावरून कॅमेरा फिरवला आणि बाँबफेक्या वैमानिकांना दाखवण्यासाठी चित्रफिती तयार केल्या. त्यांना आवाज दिला होता रोनाल्ड रेगन यांनी, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

डगवेच्या घरांत चटई अचूक होती, फक्त त्या चटईवर निजणारे माणूस नव्हते. प्रतिकृतीचा हा दोष आम्ही तेव्हापासून लक्षात ठेवला. वस्तू जितकी हुबेहूब, तितकी ती न दाखवलेल्या गोष्टीचा विसर पाडते.

आता टिनियन. हे पॅसिफिक महासागरातल्या मारियाना द्वीपसमूहातले बेट आहे. लांबी सुमारे एकोणीस किलोमीटर, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपास; म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याचा कोपरा. स्पेनने १८९९ साली ही बेटे जर्मनीला विकली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच जपानने ती घेतली, आणि पुढे राष्ट्रसंघाने ती जपानच्याच ताब्यात ठेवली. १९२१ साली स्थापन झालेल्या नान्यो कोहात्सु या जपानी कंपनीने टिनियन बेट उसाखाली आणले. साखर कारखाना उभा राहिला, ऊस वाहायला अरुंद रुळांची आगगाडी आली. ऊस तोडायला माणसे कोठून आणली? मुख्यतः ओकिनावा बेटांतून, आणि काही कोरियातून. दोन्ही प्रदेश जपानच्या अमलाखालचे आणि दोन्ही गरीब. श्रोतेहो, ऊसतोडीला घरदार सोडून जाणारी माणसे कशी असतात हे बीड आणि नगरकडच्या लोकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

बेटाच्या उत्तर टोकाला उशी येथे जपानी आरमाराने विमानतळ केला होता. २४ जुलै १९४४ रोजी अमेरिकन सैन्य बेटावर उतरले. उतरण्याच्या दोन पुळणी इतक्या अरुंद होत्या, की तेथून कोणी येईल अशी जपान्यांची अपेक्षाच नव्हती. १ ऑगस्टला बेट जिंकल्याचे जाहीर झाले. जपानी शिबंदी जवळजवळ सारी मारली गेली. ऊसतोडीची बायकामुले गुहांतून, कड्यांखालून बाहेर आली. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. जे उरले, त्या दहा हजारांहून अधिक जपानी, ओकिनावी आणि कोरियन माणसांना चुरो नावाच्या छावणीत तारेच्या कुंपणामागे ठेवण्यात आले. १९४६ साली ती आपापल्या देशी परत पाठवली गेली.

बेट हाती येताच अमेरिकेने तेथे बांधकाम सुरू केले. ते केले आरमाराच्या बांधकाम बटालियनांनी, ज्यांना सीबी म्हणत. ही पलटण का निर्माण झाली हे कामगारांनी अवश्य जाणून घ्यावे. युद्ध पेटले तेव्हा वेक नावाच्या बेटावर एका ठेकेदाराचे सुमारे अकराशे बांधकाम कामगार आरमारी तळ बांधीत होते. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानने वेक घेतले. कामगार ना सैनिक, ना गणवेशातले. त्यांनी हाती बंदूक धरली तर आंतरराष्ट्रीय कायद्याने ते लुटारू ठरावेत अशी त्यांची स्थिती. बहुतेकांना बंदी करून चीन-जपानकडे नेले. अठ्ठ्याण्णव जणांना कामासाठी बेटावरच ठेवले, आणि ७ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांना रांगेत बसवून ठार मारले. एक जण निसटला. त्याने एका खडकावर त्या अठ्ठ्याण्णवांची नोंद कोरली. पुढे तोही पकडला गेला आणि मारला गेला. तो खडक आजही तेथे आहे.

वेकचे कामगार पकडले गेले तेव्हाच हे उघड झाले, की युद्धभूमीवर बिनगणवेशाचा कामगार पाठवून चालणार नाही. म्हणून १९४२ च्या आरंभी अॅडमिरल मोरील यांनी बांधकाम बटालियना उभ्या केल्या. त्यांत सुरुवातीला भरती झाले ते सुतार, गवंडी, प्लंबर, वीजतंत्री, बुलडोझर चालवणारे. पक्के कसबी, आणि पुष्कळसे इमारत कामगारांच्या युनियनचे सभासद. पहिल्या भरतीचे सरासरी वय सदतीस होते. सैन्यात सदतीस म्हणजे आजोबाच! टिनियनवर अशा सुमारे पंधरा हजार माणसांनी काम केले. डोंगरातला प्रवाळखडक सुरुंगाने फोडला, ट्रकांनी वाहिला, दाबला, वर डांबर घातले, आणि उत्तरेच्या तळावर चार समांतर धावपट्ट्या केल्या. प्रत्येकीची लांबी ८५०० फूट, म्हणजे अडीच किलोमीटरांहून थोडी अधिक. चौथी पट्टी मे १९४५ मध्ये पुरी झाली. वर्षही न भरता तो जगातला सर्वांत मोठा विमानतळ झाला होता. बेटाचा आकार न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसारखा भासल्यामुळे रस्त्यांना त्यांनी तिकडचीच नावे दिली: ब्रॉडवे, बेचाळिसावा रस्ता, रिव्हरसाइड ड्राइव्ह.

या गोष्टीत आपल्या देशाचाही एक धागा आहे. टिनियन हाती येण्यापूर्वी बी-२९ ही मोठी विमाने आपल्याकडे बंगाल-बिहारच्या सीमेवर खरगपूर, चाकुलिया, दुधकुंडी येथे होती. तेथून ती हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूला जात, तेथे पेट्रोल घेत आणि मग जपानवर जात. चेंगडूच्या धावपट्ट्या १९४४ च्या पहिल्या महिन्यांत तीन लाखांहून अधिक चिनी शेतकऱ्यांनी हातांनी केल्या. नदीतले गोटे टोपल्यांनी वाहिले, हातोडीने फोडले आणि शेकडो माणसांनी ओढलेल्या दगडी रोलरने दाबले. १९४५ च्या वसंतात ही विमाने बंगालमधून उचलून टिनियनच्या पश्चिम तळावर नेली. तेथे जे काम लाखोंच्या हातांनी झाले, ते येथे यंत्रांनी झाले. पण आकाशातून दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. पट्टीवरून हात ओळखू येत नाहीत.

या पट्ट्यांवरून काय उडाले ते सर्वांना ठाऊक आहे. ९ मार्च १९४५ च्या रात्री टिनियन, सायपान आणि ग्वाम येथून तीनशेहून अधिक विमाने टोकियोवर गेली आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. डगवेच्या घरांवर घेतलेली परीक्षा तेथे कामी आली. ६ ऑगस्टच्या पहाटे पावणेतीन वाजता उत्तर तळाच्या 'एबल' या पट्टीवरून 'एनोला गे' उडाले. सव्वासहा-साडेसहा तासांनी हिरोशिमाच्या घड्याळात सव्वाआठ वाजले. ९ ऑगस्टला त्याच तळावरून 'बॉक्सकार' निघाले आणि नागासाकी गेले. बाँब इतका मोठा, की तो विमानाखाली सरकवता येईना. म्हणून जमिनीत खड्डे खणून बाँब खड्ड्यात उतरवला, विमान वर आणले आणि खालून बाँब उचलून आत घेतला. ते खड्डे आजही आहेत, त्यांवर काचेचे छत आहे. वर्षअखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांवर माणसे मेली. त्यांत हजारो कोरियन होते, आणि त्यांतले कित्येक कारखान्यांत सक्तीने कामाला आणलेले होते.

युद्ध संपले, तळ सोडून दिला, आणि रान माजले. जमिनीची धूप थांबावी म्हणून मारियाना बेटांवर एका झाडाचे बी विमानातून पेरण्यात आले होते. तिकडे त्याला टांगानटांगान म्हणतात. आपण त्याला सुबाभूळ म्हणतो. होय, आपल्या बांधावरची तीच सुबाभूळ, जिचा आपल्याकडे १९७० नंतर उरुळीकांचनच्या संस्थेने चाऱ्यासाठी एवढा प्रसार केला. तिने ब्रॉडवेही झाकला आणि पट्ट्यांच्या कडाही झाकल्या. १९८५ साली या भागाला अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. आणि २०२३ साली अमेरिकन हवाईदलाने जाहीर केले, की हा तळ पुन्हा वापरात आणावयाचा आहे; २०२४ पासून झाडी तोडून जुन्या पट्ट्या मोकळ्या करण्याचे काम सुरू झाले. म्हणजे ज्या पट्ट्या आमचा हा पोरगा संगणकावर सुबाभूळ पुसून उघड्या करीत होता, त्याच पट्ट्या तिकडे बुलडोझर खरोखरीच उघड्या करीत होते. एकाचे प्रयोजन आठवण, दुसऱ्याचे प्रयोजन पुढची लढाई.

आता त्या रात्रीकडे परत येऊ. मुलाने आम्हांला सगळे फिरवून दाखवले. चार पट्ट्या, फिरते रस्ते, तंबूंच्या ओळी, खड्डे. 'एनोला गे'च्या शेपटीवर वर्तुळात आर हे अक्षर होते. ती मूळची खूण नव्हे, शत्रूला ओळख पटू नये म्हणून दुसऱ्या पथकाची खूण रंगवलेली. ही बारीक गोष्टसुद्धा त्याने सोडलेली नव्हती. आम्ही विचारले, "माणसे कोठे आहेत रे?"

तो म्हणाला, "भाऊ, सीनरीत माणसे नसतात. फार जड होते."

उत्तर तांत्रिक होते आणि खरेही होते. पण आम्हांला आमच्या जुन्या कारखान्याची स्मरणिका आठवली. कारखान्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा ती गुळगुळीत कागदावर छापली होती. प्रत्येक यंत्राचे छायाचित्र, कोणत्या देशातून आणले, किती किमतीचे, हे सारे होते. ऐंशी पानांत एकाही कामगाराचे नाव नव्हते. भट्टीवर भाजून मेलेल्या दोघांचेही नव्हते. आम्ही तेव्हा व्यवस्थापनाशी भांडलो; उत्तर मिळाले, की जागा नव्हती. जागा नसते, किंवा जड होते. शब्द निराळे, गोष्ट एकच.

आम्ही हे त्याला बोलून दाखवले, जरा कडवटपणेच. तो गप्प राहिला. मग त्याने एक फाइल उघडली. सीबींच्या बटालियनांनी युद्धानंतर आपापल्या स्मरणपुस्तिका छापल्या होत्या; त्यांत कामगारांची छायाचित्रे, नावे, गावे, कोण कोणत्या शहरचा सुतार ते सारे होते. तंबू कोठे होता, भटारखाना कोठे, कपडे धुण्याचे यंत्र पवनचक्कीवर कोणी जोडले, हे त्याने त्याच पुस्तिकांतून काढले होते. म्हणजे त्याचा विमानतळ ज्या आधारावर उभा होता तो आधार कामगारांनीच लिहून ठेवलेला होता. आम्ही त्याच्यावर केलेला आरोप अर्धा खोटा ठरला, हे येथे कबूल केले पाहिजे.

अर्धा खरा का राहिला तेही सांगतो. सीबींना गणवेश होता, पगार होता, छापखाना होता; त्यांची नावे राहिली. ज्या जमिनीवर पट्ट्या झाल्या ती ज्यांनी उसाखाली आणली, त्या ओकिनावी आणि कोरियन मजुरांची स्मरणपुस्तिका कोणी छापली नाही. ओकिनावात १९९५ साली शांतीचे शिलालेख उभारले, त्यांवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक नावे आहेत. शत्रू-मित्र, जपानी, अमेरिकन, कोरियन सगळे एका ओळीत. आणि ओकिनावाबाहेर मेलेल्या ओकिनावी लोकांचीही. नावे जपायची मनात आणले तर जागा होते, एवढे त्या शिलांवरून सिद्ध होते.

शेजारी काय ठेवायचे हा वाद काही आमचाच नव्हे. 'एनोला गे' हे खरे विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडायचे ठरले, तेव्हा त्याच्याबरोबर हिरोशिमातल्या मृतांच्या वस्तू असाव्यात की नसाव्यात यावर अमेरिकेत रण माजले. माजी सैनिक म्हणाले, आम्हांला खुनी ठरवता काय? इतिहासकार म्हणाले, परिणाम न दाखवता विमान दाखवणे म्हणजे अर्धी गोष्ट. जानेवारी १९९५ मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झाले, मे महिन्यात संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला, आणि विमानाचा सांगाडा मोजक्या मजकुरासह मांडला गेला. त्या माजी सैनिकांची बाजू आम्ही हलकी मानीत नाही. जपानवर चालून जाण्यासाठी जहाजात बसण्याची ज्यांची पाळी होती, त्यांना तो बाँब जीवदान वाटला तर नवल नाही. पण एकाचे जीवदान सांगताना दुसऱ्याचे मरण खाली पाडले तर तो हिशेब होत नाही. पगारपत्रकात जमा आणि वजावट दोन्ही रकाने लागतात.

त्या रात्री आम्ही मुलाला म्हटले, "उडव बरे तुझे विमान." त्याने पहाटे पावणेतीनची वेळ लावली आणि एबल पट्टीवरून विमान उठवले. सिम्युलेटरमध्ये काळ पुढे ढकलता येतो. अर्ध्या तासात जपान दिसू लागले. या सिम्युलेटरला बाँब नसतात. आणि एक गोष्ट आमच्या लक्षात आली, जिचा त्यानेही विचार केलेला नव्हता. विमानतळ १९४५ सालचा, त्याने बांधलेला. पण हिरोशिमा मात्र आजची, उपग्रहाने टिपलेली. ओटा नदीचे फाटे, टी अक्षरासारखा आयोई पूल, जो त्या दिवशी नेम धरण्याची खूण होता आणि १९८३ साली त्याच आकारात पुन्हा बांधला गेला. पुलाशेजारी मोडका घुमट. आणि चोहोकडे घरे, शाळांची मैदाने, स्टेडियम, गजबजलेले शहर. मुलाने विमान वळवले. का वळवले, ते आम्ही विचारले नाही.

पुढे दोन महिन्यांनी तो कचेरीत आला. त्याने आपल्या सीनरीला दोन काळ आणखी जोडले होते. तारीख १९४३ ची लावली, की पट्ट्या नाहीशा होतात आणि ऊस, आगगाडीचे रूळ, कारखान्याचे धुराडे दिसते. १९४६ च्या आरंभाची लावली, की चुरोची छावणी दिसते, कुंपणासकट. माणसे अजूनही नाहीत. पण छावणीच्या फाटकाजवळ त्याने एक दोरी बांधून तीवर कपडे वाळत घातले आहेत. लहान मुलांचे कपडे. "एवढे चालते भाऊ, जड होत नाही," असे तो म्हणाला.

श्रोतेहो, आम्ही इतिहासाचे पंडित नाही. पण त्या दोरीने आम्हांला एक रीत शिकवली, ती तुमच्यापुढे ठेवून रजा घेतो. कोणतीही जुनी वास्तू पाहा, किल्ला पाहा, धरण पाहा, गिरणीचे धुराडे पाहा, किंवा संगणकातला विमानतळ पाहा. ती किती हुबेहूब आहे एवढ्यावर थांबू नका. येथे कपडे कोणाचे वाळत होते, तेवढे विचारा. आपल्या गावात बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी आता नवी घरे होणार आहेत. त्या कारखान्याचा आराखडा आमच्यापाशी आहे, हजेरीपटाच्या काही वह्याही आहेत. हा मुलगा ती जागा संगणकावर बांधायला तयार आहे. ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे असतील, पाळीवर जाणाऱ्या आजोबांचा, बापाचा, आईचा एखादा फोटो असेल, त्यांनी तो युनियनच्या कचेरीत आणून द्यावा. फोटोच्या मागे नाव लिहावे, म्हणजे झाले.